गोठ्यातला समुद्र

माझ्या अजबखान्यात देव नव्हता, हे आधीच सांगून टाकते. उगाच कोणी नारळ घेऊन यायला नको.

दुसरं मात्र बरंच काही होतं. एका माशाचं नाक होतं, हातभर लांब आणि दोन्ही बाजूंनी करवतीसारखे दात असलेलं. जांभळट रंगाचा एक पंखा होता, दगडासारखा कडक पण बारीक बारीक फांद्यांचा. तो समुद्राच्या तळाशी उगवतो. डांबर लावलेला जहाजाचा दोर होता. शंख-शिंपले, मिठागरातला मिठाचा खडा आणि फिरंग्यांच्या पडक्या किल्ल्यातला निळ्या नक्षीच्या फरशीचा एक तुकडा होता. आणि समुद्रफेस होता. कान फुटला की आमच्याकडे पंसारी तो औषध म्हणून देतो. तो फेस मुळीच नव्हे, एका माशाच्या पाठीतलं हाड आहे, हे मी पंसाऱ्याला त्याच्या गादीपुढे उभी राहून सांगून आले होते. त्याला ते आवडलं नाही.

हे सगळं मी आमच्या गोठ्यात मांडलं होतं. अकोल्यात मोर्णेच्या काठाशी आमचं घर, घराला लागून गोठा. माझा नवरा सूर्यभान चैत्रात वारला आणि माझ्या दिरानं, जानरावनं, बैलांच्या दोन्ही जोड्या विकून टाकल्या. गोठा रिकामा पडला. मी तो झाडून सारवला, गव्हाणीवर फळ्या टाकल्या आणि त्यांवर एकेक वस्तू ठेवली. आमचा जुना सोबती कुर्बान गाडीवान एकदा डोकावला, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाला, "मैनाबाई, ये तो अजबखाना हो गया!" तेच नाव पडलं.

दिवाळी झाली, कापूस घरात आला आणि लोकांची रीघ लागली. ते दिवसच तसे होते. साता समुद्रांपलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती, आणि तिच्यामुळे म्हणे विलायतेतल्या गिरण्या आमच्या वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसल्या होत्या. कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीहून, बाळापुराहून गाड्यांवर गाड्या यायच्या. कालपर्यंत अनवाणी फिरणारे लोक जरीचे रुमाल बांधून मिरवत होते. पण ज्या समुद्रावरून आपला कापूस जातो तो आहे तरी कसा, हे विचारायची कोणाला फुरसत नव्हती. मला होती, आणि ती मी जाऊन पाहून आले होते. मूठभर ज्वारी टोपलीत टाकायची आणि आत यायचं, एवढाच माझा नियम. ज्यांच्याकडे ज्वारी नसे त्यांनाही मी हाकलत नव्हते.

मी गेले कशी, तेही सांगते. घरात दोन गाड्या होत्या. एक सूर्यभान हाकायचा, दुसरीवर गडी असायचा. त्या साली गाडीवानांना असे काही दिवस आले होते की आमचा गडी एका व्यापाऱ्यानं दुप्पट मजुरी देऊन अमरावतीला पळवला. आगगाडी तेव्हा आमच्या मुलखात यायची होती. कापूस गाडीनंच घाट उतरून भिवंडीच्या खाडीपर्यंत न्यायचा, तिथून तो नावेत चढायचा. गाड्या भरून दारात उभ्या, आणि हाकणारा एकच.

"दुसरी कोन हाकते आता?" सूर्यभान डोक्याला हात लावून बसला होता.

"मी हाकते," मी म्हटलं.

"लोक काय म्हनतीन?"

"लोकाईच्या गाड्या लोक हाकतीन. आपली आपन हाकू."

तो हसला आणि उठला. सासूनं, दुर्गाबाईनं, दारात आडवं पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. पण माल वेळेवर पोचवायचा होता, त्यामुळे तिचा इलाज चालला नाही. कुर्बान आणि त्याचे दोघे भाऊ आमच्या पुढेमागे होते. महिन्याहून जास्त चाललो. घाट उतरताना माझ्या हाताची सालटी निघाली, पण गाडी मी उलटवली नाही. कुर्बानच्या धाकट्या भावानं उलटवली.

भिवंडीला माल उतरवला आणि सूर्यभानला ताप भरला. सहा दिवस चढायचा, उतरायचा. तिथला वैद्य काढा देऊन गेला, पहरापहराला पाजायला सांगितला. सातव्या दिवशी सकाळी ताप उतरलेला होता. सूर्यभान उशाशी रुमालाची घडी घेऊन गाडीखाली पडला होता, आणि मी त्याला विचारलं, "इथून एक दिवसात समुद्र पाहून येता येते म्हनतात. मी जाऊन येऊ काय?"

हे मी विचारलं. त्यानं आपणहून सुचवलं नाही. पुढचं सगळं भांडण ह्या एका गोष्टीवरून झालं, म्हणून नीट सांगते.

तो म्हणाला, "जा. पाहून ये अन् मले सांगजो."

कुर्बान त्याच्यापाशी बसला. मी वसईकडे मीठ आणायला निघालेल्या एका रिकाम्या नावेत चढले. खाडीच्या दोन्ही अंगांना मिठागरं होती, आणि लांबून ते पांढरे ढीग बघून मी नावाड्याला म्हणाले, तुमच्याकडे कापूस असा उघड्यावर टाकतात काय? तो हसून हसून बेजार झाला. मग किनारा आला. पडका किल्ला, छपरं उडालेली फिरंग्यांची देवळं, भिंतीभिंतीतून वडाची मुळं. कोळणी माशांच्या पाट्या घेऊन भांडत होत्या, आणि त्यांचा आवाज ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. आणि त्यांच्यापलीकडे तो होता. मी त्याचं वर्णन करत बसणार नाही. मी पाहिला, एवढं पुरे.

उतरताना नावाडी म्हणाला होता, "पाणी भरलंय तोवर ये. पाणी गेलं की नाव हलायची नाही."

मला वाटलं, गावंढळ बाई बघून हा चेष्टा करतोय. एवढं पाणी जाणार कुठं? आमच्या मुलखात पाणी पावसाळ्यात येतं आणि पुढं आटत जातं. सकाळी असलेली नदी संध्याकाळी नाही, असं मोर्णेनं कधी केलं नाही. मी खुशाल फिरले. किल्ला पाहिला. एका कोळणीनं मला करवत माशाचं नाक दिलं, एकीनं पंखा दिला. मी परत आले तेव्हा नाव चिखलात कुशीवर पडली होती आणि पाणी इतकं लांब गेलं होतं की मी मटकन खाली बसले. नावाडी म्हणाला, आता उद्याच. मी रडले, भांडले, चिखलातून चालत जाते म्हणाले. त्या कोळणींनीच मला धरून आपल्या ओसरीवर नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना मी गाडीपाशी पोचले. ताप रात्रीच पुन्हा चढला होता. सूर्यभान शुद्धीवर होता. मी त्याच्याशी बोलत बसले, तो ऐकत राहिला. उजाडताना तो गेला.

मी त्याच्यापाशी असते तर तो वाचला असता काय? मला ठाऊक नाही. काढा कुर्बाननं पाजला होता, वैद्यानं सांगितला तसाच. पण मला ठाऊक नाही, आणि ते न कळणं मी कोणापुढे लपवलेलं नाही.

घरी आल्यावर ते ऐकायला कोणाला वेळ नव्हता. जानराव म्हणाला, नवरा मरत होता आणि ही जत्रा पाहत होती. ते वाक्य गावभर झालं. सासू बोललीच नाही. माझ्या हातचं पाणी घ्यायची, पण तोंड फिरवून. सूर्यभानचं नाव त्या घरात कोणी काढलं की सगळे माझ्याकडे बघत, आणि म्हणून हळूहळू कोणी काढेनासंच झालं. मी गोठ्यात समुद्र मांडला तो ह्याच दिवसांत. जानराव हसला, दोन दिवसांत थकेल म्हणाला. मी थकले नाही.

थकवलं मला बायांनी, ते वेगळ्याच तऱ्हेनं. एका सोमवारी सकाळी गोठा उघडला तर जांभळ्या पंख्याला हळदकुंकू लागलेलं. मी पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, वर झेंडूचं फूल. आठवड्याभरात खण आला, बांगड्या आल्या, आणि उगवा गावची एक म्हातारी पंख्यापुढे लोळण घेऊन "समुद्राई, समुद्राई" करायला लागली. मी तिला उठवलं. म्हटलं, "मावशी, हे झाड आहे. पान्यातलं झाड." ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच वेडी.

त्यांचा राग कसा करायचा? बाईमाणूस घराबाहेर पडतं ते देवालाच. पातूरच्या डोंगरावर रेणुकेला जाताना माझ्या आईनं वाटेतली लेणी पाहिली होती आणि जन्मभर ती त्या लेण्यांबद्दल बोलत राहिली. रेणुकेबद्दल एक शब्द नाही. पण कोणी विचारलं की कुठं गेली होतीस, तर उत्तर एकच, देवाला. देवाला गेलं तर पुण्य, आणि बघायला गेलं तर पाप. डोळे तेच, वाट तीच.

जानरावला मात्र त्या खणाबांगड्यांत वेगळंच दिसलं. माझं नाव काळं झालेलं घरात त्यालाही जड जात होतं. त्याच्या पोरीची सोयरीक जमत नव्हती. मार्गशीर्षात एका दुपारी त्यानं जातीचे पाच पंच आमच्या अंगणात बोलावले. खुशालराव पाटील त्यांत मोठे. सासू आत, चौकटीशी बसली होती. पितळेच्या ताटात बेलाचं पान आणि भंडारा ठेवला होता, म्हणजे शपथेवर बोलायचं. खोटं बोललं तर वंश बुडतो अशी ती शपथ. माझा वंश नव्हता, तेव्हा मला धाक कसला, हेही त्यांनी ध्यानात घ्यायला हवं होतं.

खुशालराव गोड बोलायला हुशार. "मैना," ते म्हणाले, "आमी काही तुह्ये दुश्मन नाही. दोन गोष्टी आहेत. एक तर तू कबूल कर का तुह्या पाह्याच्या हौशीपायी नवरा गेला. मंग ते समदं सामान मोर्णेत सोड, दंडाचं जेवन घाल, अन् घरात राह्य."

"अन् दुसरी?"

"दुसरी सोपी आहे. बेलभंडार उचल अन् सांग का सपनात समुद्राई आली होती. म्हने, मले पाह्याले ये. तू गेली. राती तिनंच तुले ठेवून घेतलं. मंग तुह्यावर बोल कशाचा? गोठ्याचं देऊळ होईन. तू पुजारीन. सारं गाव पाया पडीन."

अंगणात सगळ्यांनी माना डोलावल्या. जानरावच्या तोंडावर तर देऊळ बांधून झालं होतं. आणि खरं सांगते, मला मोह झाला. घर राहत होतं, इज्जत परत येत होती, आणि रात्री निजल्यावर छातीवर जो धोंडा यायचा तो देवी उचलून नेत होती. कुर्बान कुंपणापाशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "बोल दे ना बाई. क्या जाता तेरा?"

काय जात होतं? माझे डोळे जात होते. देवीनं बोलावलं असेल तर पाहिलं ते तिनं, मी कुठं होते? घाटात सोललेले हात कोणाचे होते? आणि उद्या जानरावच्या त्याच पोरीला नदीपलीकडचं काही बघावंसं वाटलं तर तिनंही आधी स्वप्न पाडून घ्यायचं काय? मला त्या विचारानंच संताप आला. मी पुढं झाले आणि बेलभंडार उचलला.

"मले कोनी बोलावलं नाही," मी म्हटलं. "सपन नाही, देवी नाही. मले समुद्र पाह्याचा होता म्हून मी गेली."

"मंग रातभर काहून राह्यली?" जानराव ओरडला.

"पानी निघून गेलं होतं. नाव चिखलात बसली. दुसऱ्या दिवशी पानी परत आलं, मंग आली."

सगळे हसले. "पानी गेलं अन् परत आलं!" एक पंच म्हणाला. "समुद्र काय बाजाराले गेला होता?"

"मलेही तसंच वाटलं होतं," मी म्हटलं. "नावाड्यानं सांगतलं होतं, म्या आयकलं नाही. ती माही चूक. चूक म्हना, हजार वेळा म्हना. पाप म्हनू नका."

कुर्बाननं पंचांना विचारलं, मी बोलू का. ते हो-नाही म्हणायच्या आत तो बोलला, "दवा मैंने पिलाई. पहर-पहर को. बाई रहती तो भी वोही दवा थी."

खुशालरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माणूस वाईट नव्हता. सुटका शोधत होता, माझी आणि स्वतःची. "बरं," ते म्हणाले, "सूर्यभाननं तुले जा म्हटलं होतं ना? नवऱ्याचा हुकूम होता ना? तेवढं बेलभंडारावर सांग. मंग आमाले काही बोलता येत नाही."

हे तर खरंच होतं. जा, असं तो म्हणालाच होता. एवढंच सांगून मी मोकळी झाले असते.

"हुकूम नाही," मी म्हटलं. "म्या इचारलं, तो म्हने, जा, पाहून ये अन् मले सांगजो."

"तेच ते. अन् नाही म्हटलं असतं तर गेली नसती, असं म्हन."

हातात बेलाचं पान होतं. त्याचा देठ मला टोचत होता.

"तरी गेली असती," मी म्हटलं.

कुर्बाननं कपाळाला हात लावला. खुशालरावांनी निकाल दिला. ह्या बाईला आजपासून वाळीत टाकलं. संध्याकाळच्या आत तिनं घर सोडावं. गोठ्यातलं सामान मोर्णेत जाईल, आणि जो कोणी त्या गोठ्यात पाय ठेवील, तिच्याशी बोलेल, तोही वाळीत.

जानराव सामान भरायला पाटी शोधायला वळला. मी त्याच्या आधी गोठ्यात गेले आणि गव्हाणीला पाठ लावून उभी राहिले. करवत माशाचं नाक हातात घेतलं होतं, हेही सांगते. त्याच्या अंगावर मी ते चालवलं असतं काय, मला ठाऊक नाही. तो दारात थबकला.

तेवढ्यात त्याला बाजूला सारून सासू आत आली.

तिनं फळ्यांवरून नजर फिरवली. आठ महिन्यांत तिनं त्या गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं. मग गुडघ्यावर हात ठेवून ती सावकाश खाली बसली, मधोमध, सारवलेल्या जमिनीवर.

"माय, ऊठ," जानराव दारातूनच म्हणाला. "पंचाईनं काय सांगतलं, आयकलं नाही काय?"

"आयकलं. मी बहिरी नाही."

"वाळीत टाकतीन तुलेही!"

"टाकू दे. माहं आता कोन्या पोरीचं लगन अडलं?" तिनं माझ्याकडे मान वर केली. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काही माया नव्हती. "मैना, म्या तुले माफ केलं नाही. करनारही नाही."

"नका करू, मामी," मी म्हटलं.

"पन त्यानं तुले सांगजो म्हटलं होतं ना? अन् तू सांगतलं?"

"हो. रातभर. त्याचा डोया लागेपर्यंत."

ती पदराशी चाळा करत राहिली, आणि बोलली तेव्हा तिचा आवाज आधीसारखा कडक नव्हता.

"माह्या पोरानं अखेरच्या राती काय आयकलं, ते मले कोनी सांगतलं नाही. आठ महिने झाले, या घरात त्याचं नाव निघत नाही. त्याले सांगतलं तसंच मले सांग. एक शब्द खाऊ नको."

मी हातातलं ते करवतीचं नाक फळीवर ठेवलं आणि तिच्यासमोर बसले. दारात जानराव होता, त्याच्यामागे खुशालराव येऊन उभे राहिले होते, त्यांच्यामागे बाकीचे. मला उशीर का झाला इथूनच मी त्या रात्री सूर्यभानला सांगायला सुरुवात केली होती. तिलाही तिथूनच सांगायला लागले, दारातल्या पंचांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.